गेट उशिरा हवं, पण कुठलं टोक?

‘मॉड्युलर सिंथमध्ये गेट उशिरा आणायचंय? डिले मॉड्यूलमधून फिरवा किंवा स्ल्यू लिमिटर लावा, दोन्ही एकच. दोनदा वाजलं तर समजा मॉड्यूलला कोकणची हवा लागली.’ सध्या सगळीकडे फिरणारा हा सल्ला तिन्ही ठिकाणी चुकतो. (मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल्स केबलने जोडून केलेला सिंथेसायझर, गेट म्हणजे स्वर चालू असेपर्यंत टिकणारं व्होल्टेज आणि स्ल्यू लिमिटर म्हणजे व्होल्टेजच्या उडीची संथ चढण-उतरण करणारं मॉड्यूल.)

ऑडिओ डिलेच्या इनपुटला बहुतेकदा कपॅसिटर असतो. त्यातून स्थिर व्होल्टेज जात नाही. ५ व्होल्टचं लांब गेट आत गेलं, तर बाहेर सुरुवातीला एक वरचा आणि शेवटी एक खालचा टोचा येतो. एन्व्हलप (स्वराच्या चढउताराचा आकार) धरून ठेवायला मधे काही उरत नाही.

स्ल्यूचं काम होतं, पण वेगळं. गेट स्ल्यूत, तिथून कम्पॅरेटरमध्ये, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या उंबरठ्यावर गेलं की गेट उघडणाऱ्या मॉड्यूलमध्ये. ० ते ५ व्होल्टची सरळ चढण २०० मिलिसेकंदांची आणि उंबरठा २.५ व्होल्टचा असेल, तर गेट १०० मिलिसेकंद उशिरा उघडतं. फॉल (उतरण्याचा वेळ) शून्यावर असला की मूळ गेटबरोबरच मिटतं. १०० मिलिसेकंदांहून छोटं गेट उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. पंपाच्या पॅनेलमधला ऑन-डिले टायमर असाच वागतो. त्यामुळे ५ मिलिसेकंदांचा ट्रिगर (क्षणभराचा स्पंद) इथे हरवणारच.

व्हिब्राटोला मात्र नेमकं हेच हवं: छोटे स्वर सरळ, लांबवलेल्या स्वरावरच आंदोलन. कम्पॅरेटरचं गेट दुसऱ्या, संथ स्ल्यूतून व्हीसीएच्या (व्होल्टेजने पातळी बदलणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) सीव्हीला, म्हणजे नियंत्रण-व्होल्टेजच्या इनपुटला द्या, ५-६ हर्ट्झचा एलएफओ (संथ आंदोलक) व्हीसीएतून अटेन्युएटरकडे (सिग्नल कमी करणाऱ्या नॉबकडे) आणि तिथून ऑसिलेटरच्या पिचला. सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका सेमिटोनला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. व्हिब्राटोला वर-खाली २० मिलिव्होल्ट पुरतात. अटेन्युएटर जवळजवळ बंदच ठेवा.

ट्रिगरच पुढे ढकलायचा असेल तर मेक नॉइझ कंपनीच्या मॅथ्स मॉड्यूलवर तो चॅनल १ च्या ट्रिगर इनला द्या आणि ईओआरमधून (एंड ऑफ राइज, चढण संपल्याचं आउटपुट) काढा. राइज म्हणजे उशीर, फॉल म्हणजे नव्या गेटची लांबी. चढण चालू असताना आलेला दुसरा ट्रिगर मॅथ्स घेत नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे पाव ठोके, १२५ मिलिसेकंदांवर पडतात. उशीर २०० ठेवलात तर एकाआड एक गळते. शिमग्याच्या ढोलाचा दाट ठेका अशा पॅचमध्ये अर्धाच उरेल. तिथे क्लॉकवर चालणारं शिफ्ट रजिस्टर (दर क्लॉकला ट्रिगर एक पायरी पुढे सरकवणारं मॉड्यूल) लावा.

राहिली हवा. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या दमटपणात ३.५ मिमीचे प्लग काळवंडतात हे खरं, पण त्याची परीक्षा सोपी आहे. केबल हलवल्यावर दोनदा वाजलं तर प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. केबल न हलवताही उशीर वाढवला की दुहेरी ठोके वाढत असतील, तर संथ चढण उंबरठ्यापाशी रेंगाळतेय आणि तिच्यावरचा नॉइझ तो उंबरठा पुन्हापुन्हा ओलांडतोय. तेव्हा हिस्टेरेसिस (उघडायचा आणि मिटायचा उंबरठा वेगवेगळा) असलेला कम्पॅरेटर वापरा.