नाव घातलेली सुरी

माझ्याकडे एक सुरी आहे. जपानी, हातानं घडवलेली, ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साकाईची. तिच्या पात्यावर छिन्नीनं नाव कोरलंय. ते माझं नाही.

कंपनीच्या कामानं तीन महिने ओसाकात होतो. आईनं एकच वस्तू मागितली होती. "एक चांगली सुरी आण रे, इथल्या टोमॅटो चिरत नाहीत, चेपतात." म्हणून निघायच्या आदल्या शनिवारी एका दिवसाच्या सहलीचे पैसे भरले. सकाळी लोहाराची भट्टी, दुपारी धार लावणाऱ्याकडे, मग दुकान. सुरी घेतली तर तिच्यावर नाव कोरून फुकट. माझा घात त्या 'फुकट'नं केला.

आम्ही आठ जण होतो. दोन ऑस्ट्रेलियन आचारी, एक स्पॅनिश जोडपं, एक न बोलणारा जर्मन, मी, आणि डोंबिवलीचे काका-काकू. कोबेला असणाऱ्या मुलाकडे आले होते. मुलानं दोघांचं बुकिंग केलं, ट्रामच्या थांब्यावर आणून सोडलं आणि तो निघून गेला. तो स्वतः का येत नाहीये, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, "महाराष्ट्र?" म्हणाले. मी "हो" म्हटलं आणि तिथेच माझी सहल संपली.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टूल रूममध्ये होते. त्यामुळे पोलादाविषयी जपानला काय काय सांगायचं राहिलंय, हे त्यांना पाठ होतं. गाइड मुलगी बिचारी सांगत होती, की ५व्या शतकात इथे प्रचंड थडगी बांधली गेली, त्यांतलं सर्वांत मोठं ४८६ मीटर लांब आहे, ती खणायला अवजारं लागली म्हणून लोहार इथे जमले. पुढे पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली, ती बारीक चिरायला सुऱ्या लागल्या, आणि साकाईच्या सुऱ्या इतक्या नावाजल्या की शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या सरकारनं त्यांच्यावर खास शिक्का मारायची परवानगी दिली. काकांनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "बट व्हेअर इज तलवार?"

तलवार नाही, हे त्यांना दिवसभर पटलं नाही. १८७६ साली तलवार बाळगायलाच बंदी आली आणि देशभरच्या कितीतरी तलवारकारांना सुऱ्या-कात्र्यांकडे वळावं लागलं, असं तिनं दोनदा समजावलं. काका माझ्या कानात म्हणाले, "लपवतात."

भट्टीची जागा म्हणजे पत्र्याची अंधारी शेड. म्हातारा लोहार एका खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून बसलेला, समोर यांत्रिक घण धाडधाड चाललेला. मऊ लोखंडाची पट्टी तापवून त्यानं तिच्यावर करडी पूड भुरभुरली, वर कडक पोलादाचा बोटभर तुकडा ठेवला, पुन्हा आगीत घातला. बाहेर काढून घणाखाली धरल्यावर ठिणग्यांचा असा फवारा उडाला की जर्मनही "ओह" म्हणाला. दोन तुकड्यांचा एक झाला होता. शेड मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण लोहार उष्णता रंगावरून ओळखतो. जरा जास्त तापलं की पोलाद बाद. गाइडचं हे वाक्य संपतं न संपतं तोच काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला.

"अंधार फार आहे हो, म्हाताऱ्याला दिसत नसेल."

लोहार थांबला. हातातला लाल तुकडा काळा पडेपर्यंत तो टॉर्चकडे बघत राहिला. गाइड कमरेत वाकली. ती वाकली म्हणून मी वाकलो. तीन महिने तिथे राहून मला दुसरं काही आलं नाही, तरी दुसऱ्याच्या चुकीबद्दल वाकायला मात्र आलं. काकांनी टॉर्च बंद केला आणि वातावरण सैल करावं म्हणून लोहाराला पोलादाच्या कडकपणाचं माप विचारलं, "रॉकवेल किती येतं?"

धार लावणाऱ्याचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. साकाईत घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. एकाच्या कामात दुसरा हात घालत नाही. सकाळी मला हे फार थोर वाटलं होतं. संध्याकाळी नाही वाटलं, ते पुढे येईलच.

तिथे प्रत्येकाला ओल्या दगडावर धार लावून बघायची होती. पात्याची पाठ दोन-तीन नाण्यांच्या जाडीएवढी उचलायची आणि तोच कोन शेवटपर्यंत सांभाळायचा. मी डावखुरा. जपानी आचाऱ्यांच्या अस्सल सुऱ्यांना एकाच बाजूनं धार असते आणि ती बाजू उजव्या हाताची. डावखुऱ्याला ती वेगळी बनवून घ्यावी लागते आणि तिचे पैसेही जास्त पडतात. शाळेत कात्रीनं छळलं, जेवताना पंगतीत शेजाऱ्याच्या कोपरानं छळलं, आता हे. आपल्या विळीचं मोठेपण मला साकाईत कळलं. तिला डावं-उजवं नाही. ती जागची हलत नाही, भाजीनंच तिच्याकडे जायचं.

शेवटी दोन्ही बाजूंनी धार असलेली सान्तोकू, म्हणजे घरातली सगळी चिराचिरी करणारी सुरी घेतली. पोलादाचं नाव शिरोगामी, म्हणजे पांढरा कागद, कारण ते पोलाद पांढऱ्या कागदाच्या वेष्टनात यायचं. निळ्या कागदवालं आणखी वरच्या किमतीचं. आपल्या रेशनकार्डासारखं, रंगावरून पत ठरायची. दुकानात यंत्रावर कापलेल्या, गंज न धरणाऱ्या, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या आधुनिक सुऱ्याही रांगेनं मांडल्या होत्या. त्यांतली घेतली असती तर आज सुखी असतो. पण गाइडनं नेमकी तेव्हाच 'देबा' या जाड सुरीची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदा घडवणाऱ्या लोहाराचे दात पुढे होते, म्हणून तिचं नाव देबा, म्हणजे पुढे आलेले दात. अक्षरशः दंतकथा. माणसाच्या दातांचं नाव तीनशे वर्षं टिकतं, तर आपलं नाव एका सुरीवर का नको, असं वाटून मी भारावलो आणि नाव कोरायच्या रांगेत उभा राहिलो.

आता माझं नाव ज्ञानेश. पासपोर्टवर ते 'डी एन वाय'नं सुरू होतं, आणि ही तीन अक्षरं ओळीनं पाहिली की जगातला कुठलाही विमानतळावरचा माणूस आधी गप्प होतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो, मग आडनावानं हाक मारतो. महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं की मला नाव नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती कुणीही आजवर गंभीरपणे घेतलेली नाही.

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. पुढ्यात लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर माझं पातं, हातात बोटाएवढी छिन्नी आणि खेळण्यातली वाटावी अशी हातोडी. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"दि... दिनिया...?"

"ज्ञानेश," मी म्हटलं.

"असं नाही," मागून काका आले. त्यांनी स्वतः एक नेलकटर घेतला होता आणि नेलकटरवर नाव कोरत नाहीत म्हणून ते मोकळे होते. "तोडून सांग त्यांना. द्... न्या... नेश."

"द्न्या काय द्न्या?" काकू म्हणाल्या. काकूंचं माहेर इंदूर. "ग्यानेश म्हणा, सोपं पडेल. आमच्याकडे सगळे ग्यानच म्हणतात."

"तुमच्याकडे पोह्यांवर शेव पण घालतात."

"मूळ उच्चार काय आहे मग?"

"मुळात ज आणि ञ," काका आजोबांकडे वळून मराठीत म्हणाले. "ज अधिक ञ. चवर्गातला. समजलं?"

आजोबा आदरानं "हं" म्हणाले.

"अहो काका, राहू द्या ना."

"राहू द्या कसं? जन्मभर राहणार ते पात्यावर. उद्या चुकीचं कोरलं म्हणजे?"

"काका, मागे रांग आहे. काका, प्लीज. काकू, तुम्ही तरी सांगा. काका! काकू!"

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. छिन्नी उचलून त्यांनी विचारलं, "काका-सान?"

काकांना अख्ख्या जपानीतला एकच शब्द येत होता आणि तो ते सकाळपासून सढळ हातानं वापरत होते. एवढ्या वयस्कर कारागिरानं आपल्याला मानानं हाक मारली म्हणून ते हरखले.

"हाय!" काका म्हणाले. 'हाय' म्हणजे हो.

टक टक, टक टक. चार रेघांत काम झालं. पात्यावर कोयत्याच्या आकाराची, जुळ्या भावांसारखी दोन अक्षरं शेजारी शेजारी. का आणि का.

गाइड मुलीनं तोंडावर हात धरला. मग तिनं हलक्या आवाजात समजावलं, की 'काकू' म्हणजे जपानीत 'लिहिणे'. मी जिवाच्या आकांतानं "काका, काकू" ओरडत होतो, तेव्हा त्या भल्या माणसाला ऐकू येत होतं, 'काका' लिही.

पुसता येईल का विचारलं. घासून काढता येतं, पण ते धार लावणाऱ्याचं काम, त्याची वेळ संपली. मघाचं ते थोर श्रमविभाजन. खिडकी क्रमांक तीन बंद, उद्या या. उद्या माझं विमान. कोरलेला माल परत घेत नाहीत, अशी पाटी चार भाषांत होती. आजोबा उठून इतके खोल वाकले की रागावायची सोयच उरली नाही. मीच त्यांची माफी मागितली. वर आईसाठी भेट आहे कळल्यावर दुकानदारानं खोक्यात भोकाचं पाच येनचं नाणं ठेवलं. सुरी भेट दिली तर नातं तुटतं, म्हणून हे 'गो-एन', ऐकायला पाच येन आणि ऋणानुबंधही. हे फार सुंदर आहे, मान्य. पण माझं नाव?

काका मात्र म्हणाले, "छान आलंय की. सुटसुटीत. तुझं नाव मावलं नसतं."

इथे मला खरंच राग आला होता आणि अजून आहे. माणसानं "अरेरे" तरी म्हणावं. ट्राममध्ये तर ते "काढ बघू बाहेर, धार बघतो" म्हणत खोकं उघडायला निघाले. सहा सेंटिमीटरहून मोठं पातं कारणाशिवाय बाळगणं जपानमध्ये गुन्हा आहे आणि 'काकांना धार बघायची होती' हे कारण पोलिसांना पटलं असतं असं वाटत नाही. मी खोक्यावर बसलो. सहलवाल्यांना दोनदा मेल केला. उत्तर आलं, अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल?

घरी आल्यावर आईला सुरी द्यायला गेलो तर ती मागे सरकली. "हातात देऊ नकोस, भांडणं होतात. ओट्यावर ठेव." टोमॅटो मात्र लोण्यासारखा चिरला गेला. मग तिनं पातं उजेडात धरलं.

"काय लिहिलंय?"

"काका."

"कोणाचे?"

मी सगळं सांगितलं. ती जराही हळहळली नाही. आपल्या मांडणीतल्या निम्म्या भांड्यांवर दुसऱ्यांचीच नावं आहेत, ताकाचा गडू तर कुणा पाटणकरांच्या मुंजीतला आहे, असं म्हणून ती कांद्याकडे वळली. पण रोज सकाळी सुरी माझ्या हातात येते आणि विचारते, का? का?

शिवाय पांढऱ्या कागदाचं पोलाद गंजतं. कुणीतरी लिंबू कापून ती तशीच ठेवली आणि दुसऱ्या 'का'वर तपकिरी डाग पडला. चिडून मी त्याचा फोटो काकांना पाठवला. ट्राममधून उतरताना त्यांनी माझा नंबर घेतला होता आणि तेव्हापासून रोज सुप्रभात येतोय. काकाही परवाच डोंबिवलीला परतलेत. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"पुसून तेल लावत जा. रविवारी डोंबिवलीला ये, दगडावर धार लावून देतो. येताना सुरी आण. नाहीतरी नाव माझंच आहे तिच्यावर."