फ्रिजमधली कणीक विषारी होते म्हणे!

दर काही महिन्यांनी हा निरोप फॅमिली ग्रुपवर फिरून येतो. मजकूर साधारण असा: मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवू नका, तिच्यात रासायनिक बदल होऊन ती विषारी होते. फ्रिजमधले घातक किरण आणि वायू तिच्यात शिरतात. असा गोळा पिंडासारखा असतो, त्यामुळे अतृप्त आत्मे घराकडे ओढले जातात आणि आजारपण हटत नाही. शिळं अन्न शास्त्रात निषिद्ध आहे. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि ‘प्रत्येक माता-भगिनीपर्यंत पोहोचवा’.

किरणांचं आधी उरकून टाकू. फ्रिजमध्ये किरण नसतात. आत असतो तो एक दिवा, आणि तोही दार लावल्यावर विझतो. वायू असतो, पण बंद नळ्यांमध्ये. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो मागच्या जाळीत उष्णता टाकतो आणि आतल्या नळ्यांमध्ये पसरून थंडावा देतो. डब्यातल्या कणकेशी त्याची गाठच पडत नाही. आणि असले किरण खरंच असते, तर ते शेजारचं दूध, दही, कोथिंबीर सोडून नेमके कणकेलाच का लागावेत?

रासायनिक बदलाचा मुद्दा मात्र इतका सहज झटकण्यासारखा नाही, कारण बदल खरोखर होतात. पिठाला पाणी लागलं की त्यातली एन्झाइम्स, म्हणजे असे बदल घडवणारी प्रथिनं, कामाला लागतात. अमायलेज पिष्टाची साखर करतं, प्रोटीएज ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे सैल करतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गोळा मऊ, थोडा चिकट लागतो. पुरणपोळीची कणीक तिंबून तास-दोन तास झाकून ठेवतात, तेव्हाही ग्लुटेन सैलावतंच. ते आपल्याला हवंच असतं, नाहीतर पोळी लाटताना मागे मागे येते.

लोक घाबरतात ते रंगाला. वरचा थर करडा, काळपट होतो. कोंड्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्याला हवा मिळाली की हा रंग येतो. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच जातीच्या एन्झाइममुळे. गव्हाच्या पिठात कोंडा जास्त म्हणून ते जास्त काळवंडतं, मैदा कमी. गोळ्याला तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं की हवा कमी लागते आणि रंगही कमी बदलतो. नुसत्या करड्या रंगात विष नसतं. पोळी दिसायला जरा मळकी होते, एवढंच.

शिवाय पाण्यात कालवलेलं धान्य ठेवून देणं आपल्याला नवं कुठे आहे? अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, कुटून त्यात गूळ मिसळायचा आणि तो गोळा आणखी काही दिवस मुरवायचा. दिवाळीत ते ताटात आलं की कुणी विषाचं नाव काढत नाही. इडलीचं पीठ रात्रभर आंबवून उरलेलं फ्रिजमध्ये जातं, बहुधा कणकेच्याच कप्प्यात. घरी पाव भाजणारे तर पावाची कणीक मुद्दाम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत यीस्टचं काम मंदावतं, पण थांबत नाही, आणि त्या सावकाशीतच पावाला चव येते.

धोका आहे, पण निरोप सांगतो तिथे नाही. पीठ ही कच्चीच वस्तू. अमेरिकेत २०१६ साली पिठातून ई. कोलाय पसरून लोक आजारी पडले होते. म्हणजे जंतू मळण्याच्या आधीपासून पिठात असू शकतात. पोरांना कच्च्या कणकेची चिमणी करून तोंडात टाकायची सवय असेल तर ती मोडलेली बरी. दुसरा धोका ओट्यावर विसरलेल्या गोळ्याचा. पिठात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात. उन्हाळ्यात ओली कणीक दिवसभर बाहेर राहिली तर ते वाढतात, आणि त्याच्या काही वाणांचं उलटी करवणारं विष तव्यावर भाजूनही जात नाही. ‘भाजल्यावर सगळं मरतं’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. यावर उपाय म्हणजे थंडावा. पाच अंशांच्या खाली जंतूंची वाढ फारच मंदावते. ज्या यंत्राला निरोप दोषी ठरवतो, तेच इथे कामाला येतं.

पिंडाचं काय? श्रद्धेवर वाद घालायची माझी इच्छा नाही, पण आपल्याकडे श्राद्धाचे पिंड बहुतेक घरांत भाताचे असतात. आकारावरून आणि पदार्थावरून आत्मे येत असतील तर मुदीचा भात आधी बंद करावा लागेल, उकडीचे मोदक तर सोडाच.

शिळ्याच्या निषेधासाठी भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायातला १० वा श्लोक पुढे केला जातो. त्यात रांधून प्रहर उलटून गेलेलं, रस गेलेलं, वास येणारं, शिळं अन्न तामसी लोकांना आवडतं असं म्हटलंय. प्रहर म्हणजे तीन तास. सकाळी सातला केलेली पोळी ऑफिसात एक वाजता डब्यातून खाणारे सगळे त्या कसोटीवर आधीच नापास आहेत. उलट रात्री मळून ठेवलेल्या कणकेची सकाळी तव्यावरून थेट पानात पडलेली पोळी पास होते, कारण ती रांधली आत्ताच. आणि श्रावणात शीतळा सप्तमीला आदल्या दिवशी रांधलेलं मुद्दाम खाणारी घरंही याच धर्मातली.

मला खटकतो तो निरोपाचा पत्ता. माता-भगिनींनाच का? कारण पहाटे साडेपाचला परातीशी उभं राहायचं ते त्यांनाच, आणि रात्रीच मळून ठेवली तर त्यांची अर्धा तास झोप वाचते. निरोप पुढे पाठवणाऱ्याने आठवडाभर दोन्ही वेळची कणीक मळून दाखवावी. मग ताज्या कणकेच्या सात्त्विकतेवर बोलू.

ठेवायचीच तर नेहमीपेक्षा किंचित घट्ट मळा, कारण रात्रीत ती सैल पडते. मळल्यावर ओट्यावर न रेंगाळता लगेच आत, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. लाटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, नाहीतर कडा चिरतात. आंबूस वास, तार सुटणं किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर कापून, खरवडून वाचवायच्या भानगडीत न पडता सगळी टाकून द्या. आणि वीज चार तासांहून जास्त गेली असेल तर कणकेआधी दूध आणि मटण तपासा.