फुली, ओळंबा आणि पाहुणे

कोल्हापुरात नवीन वस्तू घेतली की मालकाच्या आधी ती गल्ली वापरते. एअरगनवर लावायचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, आणला तरी तेच. जो तो एक डोळा मिटतो, मिटताना तोंड उघडतो, आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावरून समोर शालिनी पॅलेसची खिडकी दिसली की निकाल लावतो, "लै क्लिअर हाय की भावा!" स्कोप पास.

माझं म्हणणं एवढंच, की ही परीक्षा लग्नाला मुलगी फोटोवरून पसंत करण्यातली आहे. पाचेक हजारांच्या स्कोपमधूनसुद्धा हल्ली बरं दिसतं. प्रश्न दिसण्याचा नाही. त्याच्या आतली नेम धरायची फुली आज जिथं आहे, तिथंच उद्या सकाळी असेल का, हा आहे.

खरं तर या गावाला दुर्बिणीचं अप्रूप असायचं कारण नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या रायफल प्रकारात, जगज्जेती झाली. राधानगरीच्या बाजूचा, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या रायफल प्रकाराचं, ब्राँझ घेऊन आला. त्यांच्या प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे गोल रिंग, बास. दुर्बीण लागते ती आमच्यासारख्यांना. चाळिशी लागलेली, हातात परवाना न लागणारी .१७७ ची स्प्रिंगवाली एअरगन, आणि डोक्यात प्रॅक्टिकल शूटिंगचं, म्हणजे पळत-थांबत नेम मारायच्या खेळाचं, वारं. या खेळाची आयपीएससी ही संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसूरीमधल्या कोलंबियात निघाली. मिळवलेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा हिशोब. आपल्या 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'ला त्यांनी नियमावली लावली, एवढंच.

त्या खेळासाठी कमी ताकदीचा स्कोप म्हणजे १–४×२४. एकपट ते चौपट मोठं दाखवणारा, पुढची काच २४ मिलिमीटरची. पुढच्या काचेला पटीनं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या टिकलीची रुंदी मिळते. २४ भागिले ४, सहा मिलिमीटर. चाळिशीतल्या डोळ्याला संध्याकाळीसुद्धा रग्गड.

'एकपट' हा शब्द खोक्यावर असतो, आत असेलच असं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून विजेच्या खांबाकडे बघायचं. स्कोपमधला खांब आणि बाहेरचा खांब एका रेषेत, एका जाडीचे दिसले तर एकपट खरं. आतला खांब जाड झाला, की ते १.१ किंवा १.२ आहे, आणि दोन डोळ्यांची भांडणं लागून दुपारपर्यंत कपाळ ठणकतं. कडेला खांब केळ्यासारखा वाकला तर स्वस्त काचेला ते माफ. आभाळासमोरच्या केबलच्या तारेला जांभळी किनार आली तर तीही माफ. किनारीनं छर्रा चुकत नाही. एकपटीवर स्वतःच्या बंदुकीची नळी आणि पुढची माशी धूसर दिसते, तेव्हा मात्र दुकानदाराला फोन करू नये. ती तिथं आहेच, म्हणून दिसते.

आता स्कोप बसवणं. इथं माणसाचा स्वभाव कळतो. एअरगनच्या पाठीवर ११ मिलिमीटरचं डव्हटेल, म्हणजे स्कोप अडकवायची खाचांची पट्टी, स्कोपची नळी ३० मिलिमीटरची, आणि ती धरायला ऑनलाइन आलेल्या रिंगा एक इंची, म्हणजे २५.४ च्या. मग मापाच्या रिंगा करून घ्यायला उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जायचं. तिथला माणूस आपलं बोलणं संपायच्या आत व्हर्निअर लावतो आणि विचारतो, "ह्ये नेमकं कशासाठी?" सांगून बघा. पंपाचा पार्ट म्हटलेलं बरं.

रिंगा सुट्या दोन नकोतच, एकाच तुकड्याचं माउंट, म्हणजे दोन्ही रिंगा जोडलेली बैठक, घ्यावं आणि त्याला खाली सरकू न देणारी स्टॉप पिन असावी. कारण स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि तोच पिस्टन पुढे दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक पुढे झेपावते. साधा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो. पुढच्या धक्क्यानं काचा सैल होतात, फुली फिरते, आणि माउंट मुंगीच्या पावलानं मागे सरकत डोळ्याकडे येतं. डव्हटेलवर पेन्सिलीची रेघ मारून ठेवली की पन्नास छर्ऱ्यांनंतर त्याची चाल कळते.

फुली सरळ आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याला विचारावं. दहा मीटरवर दोरी लोंबती सोडायची, बंदूक पाणसळीनं सपाट, आणि उभी रेघ दोरीवर. मग रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, प्रत्येकी पाव फेरा. ॲलन की आखूड बाजूनं धरून दोन बोटं नि अंगठ्याचा जोर पुरे. ट्रॅक्टरची चाकं आवळायची सवय असलेल्या हातात ती देऊ नये. स्कोपची नळी चेपते, आणि आतली पट फिरवायची रिंग जाम होते.

मोडून भरायच्या बंदुकीची नळी बहुधा थोडी खाली झुकलेली असते. छर्रा खाली लागतो, आपण स्कोपच्या वरच्या टोपणाखालची, फुली वर-खाली करायची चकती फिरवत राहतो, आणि चकती संपते. उपाय थंड पेयाच्या डब्याचा पत्रा. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर असेल, तर मागच्या रिंगेत खाली एक पट्टी घातल्यावर दहा मीटरवर छर्रा १० मिलिमीटर वर येतो. दोन पट्ट्या, २० मिलिमीटर. तिसरी घालावीशी वाटली तर उताराचं, मागून उंच असलेलं माउंट मागवावं.

मग खरी परीक्षा. बंदूक रिकामी, वाळूच्या पोत्यांत घट्ट, आणि दहा मीटरवर आलेख कागद. असल्या स्कोपच्या चकतीच्या एका टिचकीला बहुतेक अर्धा मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) असतो, म्हणजे दहा मीटरवर १.४५ मिलिमीटर. वीस टिचक्या उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, वीस वर. २९ मिलिमीटरचा चौकोन होऊन फुली निघाली तिथंच परत आली पाहिजे. स्वस्त स्कोप इथं सरकारी फायलीसारखा वागतो. टिचक्या वाजतात, फुली हलत नाही, आणि चकतीवर पेचकसाच्या मुठीनं टकटक केलं की एकदम पुढे सरकते. अशा स्कोपाची शालिनी पॅलेसची खिडकी कितीही स्वच्छ असो, तो परत पाठवावा. पट चारवरून एकवर आणताना फुली कागदावर जागा सोडते का, तेही तेवढ्यात बघून घ्यावं.

बंदूक पोत्यांतच असताना हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवावं. फुली कागदावर पोहते. हा पॅरलॅक्स. कमी ताकदीचे स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, आणि आपण दहा मीटरवर. २४ च्या काचेला ही चूक जास्तीत जास्त पावणेअकरा मिलिमीटरपर्यंत जाते. दहा मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची. म्हणजे गाल दस्त्यावर वेडावाकडा टेकला की दहाचा थेट सहा. स्कोप बदलून हे जात नाही. गाल रोज एकाच जागी टेकावा लागतो, आणि दस्त्यावर जुन्या स्लीपरच्या रबराची उशी चिकटवली तर तो टेकतो.

छर्रे मारून बघायचे ते मळ्यात, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीवर, डोळ्यांना चष्मा लावून. मागे उसाचा फड चालणार नाही, आत कोण भांगलत असेल सांगता येत नाही. पाच-पाच छर्ऱ्यांचे पुंजके पाडावेत. पसरले तर आरोपींची रांग ठरलेली आहे: आधी दस्त्याचे स्क्रू, मग माउंटचे, मग छर्ऱ्यांची डबी, मग आपला खांदा. स्कोप पाचवा. आपण मात्र पहिल्यालाच सोडून पाचव्याला फासावर देतो.

पावसाळ्याची परीक्षा फ्रिजमध्ये होते. स्कोप पिशवीत घालून तासभर आत, मग बाहेर. वरून दव येणारच, ते पुसावं. आतून धुकं राहिलं तर आत भरलेला कोरडा गॅस गेला. पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याला टेकवू नये, एवढी अक्कल घरातले सांगतातच.

सगळ्यांत पास झाला, की टिचक्या वहीत लिहाव्यात, स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर नेलपॉलिशची रेघ ओढावी, म्हणजे सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. चकत्यांवर टोपणं लावावीत आणि बंदूक माळ्यावर ठेवावी. लगेच ठेवावी. कारण संध्याकाळी सांगलीचे पाहुणे यायचेत, आणि दाजींना टोपण काढून ती चकती फिरवायला फार आवडतं. म्हणतात, "आवाज कसा भारी येतोय बघा!"