पाण्यात बुडाला म्हणजे हिरा खरा? खुलासा

लग्नसराई जवळ आली तसा यवतमाळ-वाशिमकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: खडा पाण्यात बुडाला, काचेवर ओरखडा उठला आणि हातोडीने फुटला नाही, तर हिरा खरा. यातल्या एकाही परीक्षेवर विसंबू नका. आपल्या काळ्या रानात नांगरताना निघणारी गारगोटीही पाण्यात बुडते आणि काच ओरखडते. हातोडी तर कृपा करून लावूच नका. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठिसूळ असतो. घाव नेमका बसला की खराही फुटतो, अन् कापूस विकून आणलेला पैसा मातीत जातो.

दुकानातलं उष्णतेवर चालणारं टेस्टर अमेरिकन डायमंड पकडतं, पण मॉयसनाइट नावाच्या, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्याला हिराच समजतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर घडणीने हिराच असतो, किंमत मात्र कितीतरी कमी. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. वजन (१ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम), रंग, आतले दोष, पैलूंची घडण, सगळं त्यात लिहिलेलं असतं. अंगठीवरचा हॉलमार्क दाखवून कोणी हिऱ्याची खात्री देत असेल, तर ती मानू नका. तो शिक्का फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो.