‘काहीच नाही’ची ने-आण

एका डेटाबेसमधला डेटा काढून दुसऱ्यात नेणारं ओपन सोर्स टूल मी लिहितो, असं सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे कॉपी-पेस्टच ना?’ मी हो म्हणतो. वाद घालायला अंगात त्राण उरलेलं नसतं.

भरलेल्या डेटाबद्दल माझी तक्रार नाही. नावं, पत्ते, रकमा मुकाट्याने उठतात आणि दाखवलेल्या जागी जाऊन बसतात. जीव खातात ते रिकामे रकाने. तिथे काहीच नाही, हे सगळ्यांना मान्य. पण ते ‘काहीच नाही’ नेमकं कोणत्या प्रकारचं, यावर प्रत्येक डेटाबेसचं स्वतंत्र तत्त्वज्ञान आहे.

ओरॅकल या डेटाबेसच्या लेखी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (‘ठाऊक नाही’ची खूण) एकच. पोस्टग्रेसच्या लेखी या दोघांचा दुरूनही संबंध नाही. एखाद्याला मधलं नावच नाही, की आहे पण आपल्याला ठाऊक नाही, हा प्रश्न ओरॅकलला कधी पडलाच नाही. डेटा पोस्टग्रेसमध्ये न्यायचा म्हटला की तो मला पडतो. त्या माणसाला गाठून विचारावं, तर फोनचा रकानाही रिकामाच.

मधे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल, आली की आनंदीआनंद. २००५ साली या फॉरमॅटवर आरएफसी ४१८० हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज निघाला. स्वल्पविरामाचं काय करायचं, अवतरणचिन्हं कशी दुप्पट करायची, मजकुरात नवी ओळ आली तर काय, सगळं त्यात आहे. नलबद्दल चकार शब्द नाही. मग पोस्टग्रेसने आपला नियम केला: दोन स्वल्पविरामांमध्ये काही नसेल तर नल, रिकामी अवतरणचिन्हं असतील तर रिकामी स्ट्रिंग. या एवढ्याशा खुणांपायी मी डोळे फोडून घेतलेत.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसची शून्य तारीख. ढिल्या मोडमध्ये चालणाऱ्या जुन्या सर्व्हरला ३० फेब्रुवारी द्या, तो भांडत नाही. एक वॉर्निंग पुटपुटतो आणि ००००-००-०० लिहून मोकळा होतो. वर कडी म्हणजे रकाना ‘नॉट नल’ (नलला मज्जाव असलेला) असला तरी ‘इथे नल कोण आहे?’ असं विचारलं की हीच तारीख हात वर करते. हा बग नव्हे, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय. पोस्टग्रेस मात्र तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. म्हणून टूलमध्ये पर्याय ठेवला: शून्य तारखेचं नल करू, १ जानेवारी १९७० करू, की इथेच थांबू? कोणीतरी हमखास १९७० निवडतं आणि नंतर मलाच विचारतं, की आमच्या इतक्या ग्राहकांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा.

फॉरेन कीचं, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याचं, त्या मानाने सोपं. विभागाला प्रमुख हवा, प्रमुखाला विभाग हवा, आधी कोणाला आत घ्यायचं? दोघांनाही घ्यायचं आणि नाती नंतर जोडायची. (हे फक्त टेबलांबद्दल बोलतोय.)

टूल ओपन सोर्स असल्यामुळे तक्रारीही मुक्त असतात. लायसन्समध्ये मोठ्या लिपीत छापलंय, की हे आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. ते कोणी वाचत नाही. ‘चालत नाही’ एवढाच मजकूर असलेला इश्यू येतो. एरर मेसेज मागितला की स्क्रीनचा फोटो येतो, तोही तिरका.

आणि सगळ्यात जास्त मागणी कशाची? थेट एक्सेलमध्ये एक्स्पोर्टची. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पुढच्यांनी काय करायचं, हे मी समजावून सांगतो. ००४२७ हा ग्राहक क्रमांक सीएसव्हीतून तिथे उघडला की ४२७ होतो, हेही सांगतो. मार्च१ नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकत असे. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने असली नावं बदलल्याचं जाहीर केलं. जनुकांची बदलली, एक्सेल तेव्हा जागेवरून हललं नाही; असले आपोआप बदल बंद करायची सोय द्यायला त्याला २०२३ साल उजाडलं. जिथे मानवी जनुकांनी माघार घेतली तिथे माझी काय कथा. बटण देऊन टाकलं. हिरवं.