व्यावसायिक गोल्फपटूही हौशी खेळाडूंच्याच चुका करतात

एखादा नामवंत गोल्फपटू मोठ्या स्पर्धेच्या अखेरच्या होलवर कोसळला की त्याला दडपण सोसले नाही, असे लगेच म्हटले जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. 2024 च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्ट मैदानावर रोरी मॅकिलरॉयने 16 व्या आणि 18 व्या होलवर चार फुटांच्या आतले पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू होलमध्ये ढकलणारे हलके फटके) चुकवले, तेथे ते लागू पडत असेलही. परंतु ज्या पराभवांची चर्चा वर्षानुवर्षे होत राहते, त्यांतले कित्येक पराभव फटका मारण्यापूर्वी, म्हणजे कोणता फटका मारायचा हे ठरवतानाच झालेले आहेत, आणि त्या क्षणी हे थोर खेळाडू केवळ सुटीच्या दिवशी खेळणाऱ्या हौशी माणसासारखाच विचार करत होते, असे माझे ठाम मत आहे.

2006 ची विंग्ड फूट मैदानावरील यूएस ओपन घ्या. फिल मिकलसन एका फटक्याच्या आघाडीवर होता. अखेरच्या होलवर पार (होलसाठी ठरलेले फटके) केला तर जेतेपद आणि बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली तरी प्लेऑफ (बरोबरी सोडवणारा जादा खेळ), असे साधे गणित होते. त्या दिवशी त्याचे केवळ दोन टी-शॉट (होलचे पहिले फटके) फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पडले होते, तरीही त्याने ड्रायव्हर हा सर्वांत लांब मारणारा क्लबच उचलला आणि चेंडू डावीकडे पाहुण्यांसाठी उभारलेल्या तंबूवर आदळला. एवढ्यावरही काही बिघडले नव्हते. चेंडू मुकाट्याने फेअरवेवर आणला असता तर बोगी हाताशी होती आणि पारची आशाही उरली असती. त्याने झाडांना वळसा घालून थेट ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला, चेंडू झाडावर आदळून जेमतेम पुढे गेला, तिसऱ्या फटक्यात चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, रुतला, डबल बोगी झाली आणि जॉफ ओगिल्व्ही एका फटक्याने जिंकला. पहिला वाईट फटका कोणाच्याही हातून जातो. त्याची भरपाई पुढच्याच फटक्यात करण्याचा हट्ट ही खरी हौशी चूक आहे. त्याच संध्याकाळी, त्याच होलवर, फेअरवेवरून खेळणाऱ्या कॉलिन माँटगोमेरीने अंगातल्या उसळत्या जोमाचा हिशेब करून 6 आयर्न हा क्लब बदलून त्याहून आखूड पल्ल्याचा 7 आयर्न घेतला. चेंडू ग्रीनच्या अलीकडेच पडला आणि त्याचीही डबल बोगी झाली. आपल्या सर्वांत लांब गेलेल्या फटक्यावर भिस्त ठेवून क्लब निवडणारे खेळाडू कोणत्याही मैदानावर पाहायला मिळतात.

1999 च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टी मैदानावर जाँ व्हान द वेल्दला जिंकायला अखेरच्या होलवर 6 फटके पुरेसे होते. टी-शॉट भरकटूनही नशिबाने चांगल्या जागी पडला होता, पण तेथून त्याने 2 आयर्नने ग्रीनचाच वेध घेतला. चेंडू प्रेक्षक-सज्जावर आपटून मागे रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, आला, पुढचा बॅरी बर्न या ओढ्यात गेला, 7 फटके झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला.

याच्या अगदी उलट खेळ झॅक जॉन्सनने 2007 च्या मास्टर्समध्ये केला. चारही दिवसांत एकाही पार-5 (पाच फटके ठरलेल्या) होलवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. प्रत्येक वेळी चेंडू सोयीच्या अंतरावर आणून वेजने, म्हणजे आखूड पल्ल्याच्या क्लबने, खेळला. त्या 16 होलवर तो 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 फटके कमी, होता आणि स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकला. त्या विजयाचे म्हणावे तसे कौतुक झाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

धाडस केले नसते तर मिकलसन एवढा मोठा झालाच नसता, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो निराधार नाही. 2010 च्या मास्टर्समध्ये 13 व्या होलवर दोन झाडांच्या मधून त्याने मारलेला 6 आयर्नचा फटका मलाही अतिशय प्रिय आहे. मात्र त्या फटक्याच्या आठवणी काढताना एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही: जवळच थांबलेल्या त्या चेंडूचा ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मिळवून देणारा पट त्याने चुकवला आणि होलवर बर्डीच (पारपेक्षा एक फटका कमी) झाली, जी चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवून, एका चांगल्या वेज फटक्यावर आणि एका पटवरही मिळू शकली असती.