उन्हाळ्यात हवा कमी? कोणी सांगितलं?

रविवारी संभाजीनगरहून नागपूरला निघण्याआधी पंपावर हवा बघायला थांबलो. मशीनवरच्या पोराने न विचारताच 28 लावले. "उन्हाळाय ना काका, तापून फुगते. कमीच बरी." मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनीही मान डोलावली.

हाच सल्ला मी स्वतः पंधरा वर्षं पाळलाय, लोकांना दिलाय. साफ उलटा आहे तो. हवा कमी असली की टायर गाडीच्या वजनाने दबतो. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू मुडपते, सरळ होते, परत मुडपते. लोखंडी तार वाकवून वाकवून तोडताना बोटाला चटका बसतो ना, तेच टायरच्या आत चालू असतं. समृद्धीवर 120 च्या वेगाला हे मिनिटाला हजारेक वेळा होतं, तेही तासन्‌तास, मध्ये ना सिग्नल ना खड्डा. अशाने टायर आतून तापत जातो आणि फुटू शकतो. तापून हवेचा दाब वाढतो हे खरं, पण कंपनीने आकडा ठरवताना ती वाढ धरलेलीच असते.

तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर मिळतो. माझ्या गाडीला 33, आणि मागे माणसं-सामान भरलं तर मागच्या चाकांना 36. हे गाडी रात्रभर उभी असतानाचे आकडे. शंभर किलोमीटर पळवून मोजलीत तर 37 सुद्धा दिसेल, घाबरून सोडू नका. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते.

"आमच्या गाडीत हवा कमी झाल्याचा दिवा आहे, लागला की बघू" म्हणणारे माझ्या घरातच दोन आहेत. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोन कंपनीचे टायर धावताना फाटून अपघात झाल्याचं प्रकरण गाजलं, कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. पण तिथल्या नियमातही हवा 25 टक्के उतरल्यावर तो लागला तरी चालतं. म्हणजे 33 ची 25 होईपर्यंत तुम्ही निवांत! शिवाय काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकांचा वेग ताडून पाहतं, त्यावरून अंदाज. चारही चाकं सारखीच उतरली तर ताडायचं कशाशी? आणि हवा भरल्यावर रीसेट करायचं राहिलं, तर ते चुकीच्या हवेलाच बरोबर धरून बसतं.

(हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचं विचारू नका. साध्या हवेत 78 टक्के तोच आहे, फुकट.)

तर पोराला दार उघडून स्टिकर दाखवला. त्याने वाकून वाचला, "असं लिहिलेलं असतं होय," म्हणाला आणि पुढे 33, मागे 36 केली. मी जरा ऐटीतच पाकीट काढत होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "स्टेपनी बघितली का?"

डिकीतल्या बॅगा खाली उतरवल्या. पोराने नळी लावली.

14.